अकरा गाईंचं स्थळ

"ऐकलंस का गं? तिसऱ्या मजल्यावर अकरा गाई मागितल्यात!"

काकूंनी भिंतीवरून हे वाक्य टाकलं आणि माझ्या हातातली टाकळ्याची जुडी हातातच राहिली. घाटकोपरच्या पंतनगरात, म्हाडाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर गाय? जिना चढवणार कोण?

"गाई इथं नाही यायच्या गं. तिकडंच द्यायच्यात. आफ्रिकेत. मुलीच्या बापाला."

मग पोतडी उघडली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा धाकटा जोहान्सबर्गला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. वहिनी ते दर पंधरवड्याला नव्यानं सांगतात. त्यानं तिकडची मुलगी पसंत केली. झुलू आहे, त्याच्याच ऑफिसात हिशोबाचं काम बघते. घर पीटरमारित्झबर्गच्या बाजूला, म्हणजे गांधीजींना जिथल्या स्टेशनावर गाडीतून उतरवलं त्या गावाकडं. मुलगी काळी म्हणून वहिनींचं आधी रडून झालं. (वहिनी स्वतः काही केवड्याचं पान नाहीत, पण ते असो.) ते आवरतंय तोवर दुसरा धक्का बसला. मुलीकडून निरोप आला की आमच्यात लोबोला द्यावा लागतो, तुमच्याकडची मोठी माणसं बोलायला पाठवा.

"म्हणजे मुलाकडच्यांनी पैसे द्यायचे! मुलाकडच्यांनी!" काकूंना हसू आवरत नव्हतं. "थोरल्याच्या वेळचं आठवतं ना तुला?"

न आठवायला काय झालं! 'आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या' म्हणत सुपारी फुटली होती. नंतर दोन दारांचा फ्रिज आला, मुलाला साखळी आली, मुलुंडचा हॉल मुलीच्या बापानंच घेतला आणि लग्नानंतर महिन्यानं खाली पांढरी गाडी उभी राहिली. विचारलं तर वहिनी म्हणायच्या, "त्यांनी हौसेनं दिलं हो." आता हौस यांनी करायची आहे.

"पण अकराच का? दहा नाहीत, बारा नाहीत?"

मी शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. काकूंना सांगितलं, पूर्वी असा ठरीव आकडा नव्हता. ज्याच्या गोठ्यात जितकं, तितकं तो द्यायचा. आज दोन दिल्या, पोर झाल्यावर आणखी दोन, उरलेल्या कधी भावाच्या हातून. देणं चालू राहिलं की येणंजाणंही राहायचं, आणि सगळं चुकतं करून मोकळं व्हायची कुणाला घाई नसायची. मग 1869 मध्ये नाताळ वसाहतीतल्या शेपस्टोन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दर बांधून दिला. साध्या माणसाच्या मुलीला दहा गाई, सरदारादरकदाराला त्याहून जास्त. अकरावी मुलीच्या आईची, ती या हिशोबात धरायची नाही. इंग्रजाला कारकुनीसाठी आकडा हवा होता. गंमत अशी की साहेब गेले, पण त्यांचा आकडा तिथल्या लोकांनी वाडवडिलांचा म्हणून उराशी धरलाय.

"आणि खऱ्या गाई देतात?"

"गावाकडं देतातही. पण शहरात बहुतेक रोखच. एका गाईचे किती धरायचे ते दोन्ही घरची माणसं बसून ठरवतात. बाजारभावाशी त्याचा संबंध असेलच असं नाही."

"मग बरंय. आमच्या पुसेगावच्या यात्रेतला खिल्लारीचा भाव ऐकला असता तर वहिनींना चक्कर आली असती."

गाईंचं रोखीत रूपांतर कसं झालं, हेही मी काकूंना सांगून टाकलं. 1896-97 च्या सुमाराला दक्षिण आफ्रिकेत गुरांवर बुळकांडी आली. आपल्याकडे मुंबईत प्लेग आला ना, साधारण तेव्हाच. बुळकांडी म्हटल्यावर काकूंनी च्‌च् केलं. खेड्यात जन्मलेल्या बाईला त्या शब्दाचा अर्थ समजवावा लागत नाही. गोठेच्या गोठे ओस पडले. पोरांना लग्नं तर करायची होती. किंबर्लीला हिऱ्यांच्या, जोहान्सबर्गला सोन्याच्या खाणी होत्याच, आणि त्यांना मजूर हवे होते. वसाहतीच्या सरकारनं झोपडीपट्टी लावून, म्हणजे झोपडीमागे कर बसवून, रोख पैशाची गरज आधीच निर्माण केली होती. त्यात ही भर. बापाच्या गोठ्यातनं येणारी गाय आता पोराच्या पगारातनं यायला लागली. आधी खानदानानं खानदानाला द्यायचं असे, आता एकट्या पोरानं सासऱ्याला फेडायचं झालं. ज्याच्याकडे नाही त्यानं लग्नच करायचं नाही, नुसतं एकत्र राहायचं. हे तिथं आजही चालू आहे.

"आजोळी माझ्या..." काकू म्हणाल्या आणि थांबल्या. मग मागं वळून काका आत टीव्हीसमोरच आहेत याची खात्री केली. "कुणाला बोलू नकोस. माझ्या आईच्या आईचं देज घेतलं होतं."

काकू वाईकडच्या. मराठा, चांगलं शेतीवाडीचं घर. आवाज इतका खाली आला की जणू आजीनं दरोडा घातला होता.

"दोन पोती जोंधळा, आईला लुगडं, आणि वर रोख. रोख किती ते कुणी सांगत नाही. आजी म्हणायची, 'माझ्या बापानं फुकट नाही दिली मला.' ताठ मानेनं सांगायची. आणि माझी आई पदर तोंडावर घ्यायची, गप बस गं आये म्हणून."

यात लाजायचं काय ते मला तरी कळलं नाही. कुणबी-मराठ्यांत, माळ्यांत, कितीतरी जातींत देज, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं, हीच रीत होती. लाज आली ती वरच्या जातींची नक्कल करताना आली. आणि वरच्या जाती तरी काय सोवळ्यात होत्या? १८०० च्या सुमाराला पेशव्यांचा हुकूम निघाला तो काकूंच्याच वाई प्रांतातल्या ब्राह्मणांना. मुलीचे पैसे घ्यायचे नाहीत. घेणाऱ्याला दंड, देणाऱ्याला दंड आणि मधल्या दलालालाही दंड. महामहोपाध्याय काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे नोंदवून ठेवलंय. घेत नसते तर हुकूम कशाला काढावा लागला असता? आणि हुकूम निघून शंभर वर्षं होत आली तरी १८९९ मध्ये देवलांनी 'शारदा' रंगभूमीवर आणलंच. कांचनभट पोटची पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला पैशासाठी द्यायला निघतो, आणि प्रेक्षागृहात बसलेल्यांना तो आपल्या आळीतला कोण ते बरोबर ओळखू येतं.

"कैकेयीचंही तसंच ना," काकू म्हणाल्या. कीर्तनं ऐकून ऐकून त्यांचं रामायण माझ्यापेक्षा पक्कं. "दशरथानं तिच्या बापाला आधीच शब्द दिला होता, हिच्या पोराला गादी देईन म्हणून. वाल्मीकींनी लिहिलंय. राम स्वतः भरताला सांगतो. ते वर-बीर मग."

"आणि माद्री? भीष्म मागणी घालायला गेले तर शल्य म्हणाला, आमच्या कुळात शुल्क घ्यायची रीत आहे, बरी असो वा वाईट, मी मोडणार नाही. भीष्मांनी गाडाभर सोनंनाणं मोजलं."

"बघ! आणि वहिनी म्हणतात, रानटी लोकांची पद्धत."

भिंतीपलीकडच्या गल्लीत तेवढ्यात टोपली टेकल्याचा आवाज झाला. रानभाजीवाली मावशी. पावसाळाभर ती कसाऱ्याच्या गाडीनं येते, घाटकोपर स्टेशनबाहेर थोडी भाजी काढते आणि उरलेली घेऊन आमच्या मागच्या गल्लीत बसते. जूनमध्ये शेवळं, मग टाकळा, कुर्डू, पुढं कंटोळी. शहापूर तालुक्यातल्या पाड्यावरची, वारली. काकूंच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी तिलाही अकरा गाईंची गोष्ट ऐकवली.

मावशीला त्यात नवल असं काही दिसलंच नाही. "मंग? पोरगी नेयाची तर देज नको?"

तिच्या थोरल्याच्या लग्नाचा हिशोब तिनं टोपलीत हात घालून, कंटोळी निवडता निवडता सांगितला. मुलीच्या बापाला थोडी रोख, आईला लुगडं, तांदूळ, आणि मांडवात पाजायची ती वेगळी. पण देजापेक्षा जेवण महाग. म्हणून पोरगा आणि सून आधी नुसतेच एकत्र राहिले. नातू रांगायला लागला तेव्हा कुठं मांडव पडला. लग्न लावणारी धवलेरी आली, भिंतीवर चौक लिहिला, गाणी झाली. त्यांच्यात हे नवं नाही. कधीकधी बापाचं आणि लेकाचं लग्न एकाच मांडवात लागतं, कारण बापाचंच राहून गेलेलं असतं. लग्न राहिलं म्हणून संसार थांबत नाही आणि पोराला कुणी नावं ठेवत नाही.

काकूंनी डोळे मोठे केले. घाटकोपरात लग्नाआधी पोरगी रात्री दहानंतर रिक्षातून उतरली तरी चार खिडक्या उघडतात.

"देज काय लय नसतं," मावशी म्हणाली. "पण माझा आजा त्यातच मेला."

तिचा आजा लग्नगडी होता. हा शब्द मी गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात वाचला होता. माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. देज, जेवण, दारू, कापड मिळून रक्कम होऊन होऊन किती होणार? पण ती फिटायची नाही, कारण लिहिणारा सावकार आणि वाचणाराही तोच. नवऱ्याबरोबर बायकोही त्याच वाड्यावर राबायची. सासऱ्याच्या हातात पडले चार दिवसांचे तांदूळ आणि एक लुगडं, आणि जमीनदाराला मिळाली दोन माणसं, आयुष्यभरासाठी. देजाला नावं ठेवणारे शिकलेले लोक या जमीनदाराचं नाव क्वचितच घेतात.

"बाकीचे सुटले कसे मग?"

"लाल बावटा आला नं."

आपण महागणपतीला जातो त्याच टिटवाळ्याला 7 जानेवारी 1945 ला लाल बावट्याच्या किसान सभेची परिषद भरली. डहाणू-उंबरगावकडचे काही वारली तिथं गेले होते. त्याच मे महिन्यात झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरलं की आता वेठ नाही, लग्नगडी नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या भागात पाड्यापाड्यावर फिरले, लग्नगड्यांना घरी जा म्हणून सांगितलं, आणि खरोखर गेले ते. शाळेच्या पुस्तकात याला अर्धी ओळ मिळते. मी शिकवताना पूर्ण तास घ्यायची आणि मुख्याध्यापकांची बोलणी खायची.

मावशीची खरी तक्रार निराळीच होती. "आता पोरगं पोलिसात लागलं, मंग आमच्यात बी फिरलं. माझ्या भावाचं पोरगं भरती झालं नं, तर पोरीचा बापच मोटरसायकल देतो बोलतो. देज नाय मागत. आमच्यात कधी नव्हतं हे."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे. आजीचं देज घेतलं, आणि काकूंच्या लग्नात? त्या १९७४ च्या. काका परळला गिरणीत कायम झाले होते. काकूंच्या बापानं ओढ्याकाठचं रान गहाण टाकून हुंडा दिला. दोन पिढ्यांत पैशानं तोंड फिरवलं ते इथं. आजी शेतावर राबायची, तेव्हा ती गेली की बापाच्या घरचे दोन हात जायचे आणि त्याचं काही मोल धरलं जायचं. गिरणीचा पगार आला, तो नवऱ्याच्या नावावर. मग मोल त्याचं झालं. मुंबईत बिऱ्हाड करणारी बायको म्हणजे खाणारं एक तोंड, असा हिशोब.

"खाणारं तोंड?" काकू उसळल्या. "मी सोळा गाळेकऱ्यांची खानावळ चालवली गं त्या परळच्या खोलीत! पहिल्या पाळीचे डबे पहाटे, दुसऱ्या पाळीचे दुपारी, तिसरी आली की पुन्हा चूल. संप झाला १९८२ ला तेव्हा घर कुणी चालवलं? आजीनं आयुष्यात एवढ्या भाकऱ्या थापल्या नसतील. पण माझे पैसे घेतले माझ्या सासऱ्यानं, आणि तिचे दिले होते आजोबांनी."

याच्यावर मी काही बोलले नाही. मावशीनं कंटोळ्यांचं माप चांगलं चढं भरलं आणि काकूंच्या हातात दिलं.

मग विषय साहजिकच बाई सोडून जायला निघाली तर काय, इकडं वळला. मावशीची एक मावशी पहिला नवरा सोडून दुसऱ्याकडं गेली होती. दुसऱ्यानं पहिल्याचं देज परत केलं आणि प्रकरण मिटलं. पंच बसले, दारू प्यायले, उठले. काकूंना हे एकदम पसंत पडलं. "आमच्यात हुंडा कोण परत देतंय? पोरगी परत आली तरी बापाचं रान काही परत येत नाही. म्हणून तर, नांद बाई तिथंच."

मी म्हटलं, काकू, दुसरी बाजूही आहे. युगांडात बायकांच्या एका संस्थेनं नेमकी याच्याच विरोधात सुप्रीम कोर्टापर्यंत धाव घेतली. नवरा मारतो, बाई माहेरी येते, आणि बाप म्हणतो, परत जा, त्याच्या गाई मी आणू कुठून? खाऊन झाल्या, धाकट्याच्या लग्नात दिल्या. ऑगस्ट 2015 मध्ये निकाल लागला. वधूमूल्य द्यायघ्यायला हरकत नाही, पण नवरा-बायको वेगळे झाले तर ते परत मागायचं नाही. बायकांना ती प्रथाच बंद व्हायला हवी होती. अर्धं पदरात पडलं. पण तेवढं अर्धंसुद्धा मोठं आहे असं मला वाटतं.

"आपल्याकडं कायदा आहे का गं देजाला?"

हुंडाबंदीचा 1961 चा कायदा आहे ना, त्यात एका बाजूनं दुसऱ्या बाजूला लग्नासाठी दिलेलं असं म्हटलंय. मुलीकडूनच, असं नाही. म्हणजे कागदावर दोघंही धरले जातात. प्रत्यक्षात कोण कुणाला धरतं ते तिसऱ्या मजल्याखाली उभ्या पांढऱ्या गाडीला विचारा.

"आणि आता तर पुन्हा उलटंच चाललंय," काकू म्हणाल्या. त्यांच्या पुतण्यासाठी गावाकडं मुलगी मिळत नाही. चार एकर बागायत आहे, विहीर आहे, ट्रॅक्टर आहे; पण मुलीच्या आईला जावई पुण्याचा हवा. मध्ये एक एजंट येऊन गेला. बाहेरच्या राज्यातली मुलगी आणतो म्हणाला, दीड लाख द्या. काकूंच्या दिरानं त्याला हाकलला, पण शेजारच्या गावात एकानं दिले, आणि नवरी आठव्या दिवशी मंगळसूत्रासकट गेली. सोलापुरात डिसेंबर 2022 मध्ये लग्नाळू पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती ते लोकांनी हसण्यावारी नेलं. पण 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली 894 होत्या. ती पोरं आता कुठं बोहल्याच्या वयाकडं सरकताहेत. या दीड लाखातला पैसाही धड मुलीच्या आईबापाच्या हाताला लागत नाही. माझ्या मते देजाचं याहून वाईट रूप असू शकत नाही. दोन घरं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि मध्ये दलाल. पेशव्यांनी निदान त्यालाही दंड लावला होता.

हे सगळं झालं शुक्रवारी. रविवारी तिसऱ्या मजल्यावर बोलणी झाली, मोबाईलवर, व्हिडिओ लावून. झुलू रीतीप्रमाणं नवऱ्या मुलानं आणि त्याच्या आईबापांनी तोंड उघडायचं नसतं; काका-मामांनी बोलायचं. वहिनींचा भाऊ म्हणाला, मला जमणार नाही. मग युनियनमध्ये वाटाघाटी केलेला माणूस म्हणून आमच्या काकांना वर बोलावलं. काका इस्त्रीचा सदरा घालून गेले. काकू अर्थातच मागोमाग.

काकूंनी सोमवारी भिंतीवरून दिलेला वृत्तान्त असा. पलीकडं मुलीचे दोन काका, सुटाबुटात. प्रथम कुणीच बोलेना. मग कळलं की त्यांनी तोंड उघडावं म्हणून आधी काहीतरी ठेवावं लागतं, पूर्वी बाटली ठेवत, आता थोडे पैसे. मुलाच्या तिकडच्या मित्रानं ते ठेवल्यावर गाडी सुरू झाली. काकांनी सहा गाईंपासून सुरुवात केली. ते अकराला धरून बसले. काकांनी आपल्या मुलाचं शिक्षण सांगितलं. त्यांनी आपल्या मुलीचं सांगितलं, आणि ते निघालं जास्त. मग काकांनी गाई सोडून गाईच्या दराला हात घातला आणि तिथं ते बरेच खाली आले. गाई अकराच ठेवल्या, कारण त्यात त्यांचा मान, आणि भाव आमचा. आईची अकरावी गाय मात्र घासाघीस करायची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काकू म्हणाल्या, ते ऐकून मला त्या लोकांबद्दल बरं वाटलं. नंतर मुलीच्या घरच्यांना घोंगड्या-ब्लँकेटांचा आहेर करायचा, आणि मुलगी सासरी येताना इकडच्यांना आहेर आणणार.

"वहिनींनी लगेच विचारलं, आहेर म्हणजे काय काय? तर चटया आणि ब्लँकेट. तोंड बघायला हवं होतंस."

"आणि पैसे कोण भरणार? मुलगाच ना?"

काकूंनी पुन्हा मागं वळून पाहिलं. "तेच तर! मुलीनं त्याला आधीच सांगून ठेवलंय, अर्धे मी माझ्या पगारातले घालते, फक्त आमच्या बाबांना कळू देऊ नकोस. त्यांना वाटू दे सगळे तूच दिलेस."

"मग वहिनी खूश असतील?"

"खूश? रात्रभर हिशोब करत बसल्यात. सकाळी दुधाच्या वेळेला जिन्यात भेटल्या तर मला विचारतात, तिनं अर्धे घातले म्हणजे साडेपाच गाई मुलीकडूनच आल्या की नाही हो?"